‘मी देह नाही’ आणि बीपीची गोळी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. वाक्यं थोडी सरळ केली, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



कमिटीने मला विषय दिला ‘अद्वैत वेदान्त आणि योगोपचार’. नोटीस बोर्डवर तो लागला आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये मला कोणीतरी म्हणालं, “ताई, त्यापेक्षा गुडघेदुखीवर बोला ना.” नाव सांगत नाही, ते आत्ता दुसऱ्या रांगेत बसलेत. तर त्यांना सांगते की आज मी गुडघेदुखीवरच बोलणार आहे. फक्त रस्ता जरा लांबचा घेणार आहे. कंटाळा आला तर मागे चहाचा थर्मास आहे.

आधी एक कबुली. मी शास्त्री-पंडित नाही. संस्कृत शाळेत शंभर मार्कांचं होतं, तेवढंच. आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसले, मुलुंडहून रोज लोकल पकडली, संध्याकाळी येताना स्टेशनबाहेर भाजी घेतली. योगाकडे आले ती अध्यात्माच्या ओढीने नाही, कमरेमुळे. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आणि डाव्या पायात कळा सुरू झाल्या. डॉक्टर भले होते. म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, काही आठवड्यांत उतरेल. आणि खरंच, दोन-अडीच महिन्यांत दुखणं पुष्कळ कमी झालं. भीती मात्र दोन वर्षं गेली नाही. मी बादली उचलणं सोडलं. वाकून केर काढणं सोडलं. भाचीच्या लग्नाला गेले नाही, कारण बसने कोल्हापूरपर्यंत कोण बसणार. शिंक आली तरी आधी भिंत धरायची. पायात कळ नसली तरी ‘आता येईल’ म्हणून मी आखडून बसलेली असायचे, आणि आखडल्यामुळे कमर दुखायची. मग म्हणायचे, बघा, आलीच.

ठाण्याला एका योगवर्गात जायला लागले. तिथले शिक्षक वयस्कर होते, फार बोलत नसत. एकदा शवासनात माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “दुखतंय का?” मी म्हटलं, “हो.” “कोणाला कळतंय?” मी म्हटलं, “मला.” “मग ते दुखणं तुम्ही आहात, की तुम्हाला ते कळतंय?” खरं सांगू? मला राग आला. पाय माझा दुखतोय आणि हे शब्दांचे खेळ करतायत. पण प्रश्न डोक्यातून जाईना. एका रात्री तीनच्या सुमाराला कळ आली, जाग आली, नेहमीसारखं पोटात धस्स झालं. आणि त्या रात्री पहिल्यांदा मला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या. पायात कळ आहे. पोटात धस्स झालंय. आणि हे दोन्ही मला कळतंय, पण ते जे कळणं आहे, ते काही दुखत नाहीये. कळ तशीच होती. पण तिच्याभोवती जो गोतावळा जमायचा, नोकरीचं काय, म्हातारपणी कोण बघेल, तो त्या रात्री जमला नाही. मी परत झोपले.

पुढे समजलं की या विचाराची आपल्याकडे फार जुनी मांडणी आहे. ‘दृग्दृश्यविवेक’ नावाचा पन्नासच्या आत श्लोकांचा एक छोटा वेदान्तग्रंथ आहे. त्याचा मुद्दा साधा. समोरचं रूप डोळा बघतो. डोळ्याला नीट दिसतंय की अंधूक, हे मनाला कळतं. मन शांत आहे की बावरलंय, हेही आत कळत असतं. ते ज्याला कळतं, तो साक्षी. त्याला मात्र आणखी कोणी बघू शकत नाही. गंमत म्हणजे आजचं वैद्यकशास्त्रही वेदनेला नुसती शिरेतली घटना मानत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने १९७९ मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे असं म्हटलंय. म्हणजे कळ आणि धस्स, दोन्ही. याचा अर्थ डॉक्टरांनी वेदान्त मान्य केला असा नाही हं. तसं व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एवढंच, की धस्स कमी करणं हासुद्धा उपचार आहे, हे दोन्हीकडून पटतं.

इथपर्यंतची गोष्ट मी वर्गात बरेचदा सांगते. यापुढची सांगत नाही. आज सांगणार आहे, कारण ज्यांची ती आहे त्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांनीच मला बजावलंय, “ताई, सांगायचं तर सगळं सांगा.”

माझी कमर सुधारली, मी योगशिक्षकाचा कोर्स केला, निवृत्त झाले आणि आपल्या टेरेसवर वर्ग सुरू केला. तेव्हा वॉटरप्रूफिंग झालं नव्हतं. पावसाळ्यात जिन्याच्या लँडिंगवर सतरंज्या टाकायचो, आठवत असेल. नवीन शिकलेल्या माणसाला बोलण्याची हौस फार. शवासन झालं की मी प्रवचन करायचे. तुम्ही देह नाही, तुम्ही मन नाही, देह म्हणजे भाड्याचं घर, त्याची किती काळजी करायची, जगत मिथ्या आहे, रोगही मिथ्या आहे. लोक माना डोलवायचे. मला वाटायचं, समजलं.

वहिनींना बीपीची गोळी चालू होती. मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. प्राणायामाने त्यांना बरं वाटायला लागलं, झोप लागायला लागली, आणि माझं ते भाड्याच्या घराचं ऐकून एक दिवस त्यांनी गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. बीपी वाढल्याचं कळत नाही, तेच त्याचं वाईट. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी वर्गाला येताना टेरेसच्या शेवटच्या वळणावर त्या खाली बसल्या. मला वाटलं, दम लागला. बोलायला गेल्या तर शब्द नीट येईनात, उजवा हात लोंबकळत होता. बी विंगमधल्या मुलाने त्याच मिनिटाला गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. अर्धांगाचा हलका झटका होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेत होत्या ना? भाऊंनी घरी जाऊन पाहिलं तर पाकिटं डब्यात जशीच्या तशी. हॉस्पिटलच्या बाकावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. ओरडले नाहीत. म्हणाले, “ताई, भाड्याचं घर असलं तरी भाडं भरावं लागतं हो.”

मी चार महिने वर्ग बंद ठेवला. त्या चार महिन्यांत पुन्हा वाचायला बसले, कारण मला स्वतःलाच उत्तर हवं होतं. मी सांगितलं ते चूक होतं, की मुळातच वेदान्त आजारी माणसाच्या कामाचा नाही?

तर आता जे सांगते ते त्या वाचनातलं.

माझी पहिली चूक ‘मिथ्या’ या शब्दाची. मी त्याचा अर्थ ‘नाहीच’ असा घेत होते. शांकर वेदान्तात मिथ्याचा अर्थ तो नाही. ज्याला स्वतःच्या बळावर अस्तित्व नाही, जे दुसऱ्या कशावर तरी अवलंबून दिसतं, ते मिथ्या. मडकं मातीशिवाय नाही, म्हणून मडकं मिथ्या. पण पाणी मडक्यातच राहतं. नुसत्या मातीच्या ढिगावर ओतून बघा. आचार्यांनी व्यवहाराची एक पातळी मानली आहे आणि परमार्थाची वेगळी. तहान स्वप्नात लागली तर ती स्वप्नातल्याच पाण्याने भागते. उशाशी तांब्या भरून ठेवला म्हणून स्वप्नातला घसा ओला होत नाही. तसं बीपी व्यवहारातलं आणि गोळीही व्यवहारातलीच. दोघं एकाच मजल्यावर राहतात. मी काय केलं, तर परमार्थातलं वाक्य आणून व्यवहारातल्या दुखण्यावर ठेवलं. यात वेदान्ताचा दोष नाही, माझा आहे.

‘योगवासिष्ठा’त चूडाला राणीचं आख्यान आहे. त्यात आधी आणि व्याधी यांची चर्चा येते. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी शरीराची. मन खळबळलं की प्राणाची चाल बिघडते, प्राण बिघडला की अन्नपचन बिघडतं आणि शेवटी शरीरात रोग दिसतो, अशी साखळी तिथे सांगितली आहे. बँकेत मार्च एंडला माझी ॲसिडिटी का वाढायची, ते मला तिथे सापडलं. योगोपचार शिकवणारे हा भाग हमखास सांगतात. पण तिथेच पुढे असंही आहे की सगळ्या व्याधी मनातून येत नाहीत. ज्या येत नाहीत त्यांना औषध आहे. हा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. माझ्याकडूनही राहिला होता.

त्याच आख्यानातली पुढची गोष्ट मला फार लागली. राजा शिखिध्वज ज्ञानासाठी राज्य सोडून अरण्यात जातो. राणी घरात राहून, राज्य चालवून आधीच ज्ञानी झालेली असते. ती वेश बदलून त्याला शिकवायला जाते. म्हणते, तुझा त्याग अजून पुरा झालेला नाही. हा काय करतो, तर झोपडी, कमंडलू, आसन, एकेक करून जाळून टाकतो. आता उरलं शरीर. तेही टाकायला निघतो. तेव्हा ती त्याला थांबवते. सांगते, की या देहाने काय केलंय? त्याचा काही अपराध नाही. टाकायचं ते ‘मी-मी’ म्हणणारं चित्त. मी हे वाचत होते तेव्हा बाहेर पंप चालू झाल्याचा आवाज येत होता आणि खाली वहिनींची फिजिओथेरपिस्ट बाई आलेली होती. मला पुढे वाचवेना.

आता मी ज्यांच्या जिवावर वर्ग घेते, त्या योगोपचाराच्या मूळ माणसांनी काय केलं होतं, तेही पाहिलं. आपल्याला वाटतं, हे सगळं हिमालयातून आलं. आधुनिक योगोपचाराची एक सुरुवात आपल्या उपनगरातली आहे. श्रीयोगेंद्रांनी १९१८ मध्ये अंधेरीजवळ वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केलं. तेच पुढे सांताक्रूझला आलं आणि आजही चालू आहे. दुसरे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. दोघेही मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. कुवलयानंदांनी पहिल्यापासून क्ष-किरण आणि दाबमापक हाताशी घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून छापलं. मोक्षाची आस असलेला माणूस, पण आतड्याचा दाब मोजायला त्याला कमीपणा वाटला नाही. आणि मी बीपीचं मशीनसुद्धा वर नेत नव्हते.

इथे एक आडफाटा घेते, तो घेणं भाग आहे. योग आणि अद्वैत हे एकच, असं आपण सहज बोलतो. तसं ते नाही. पतंजलींचा योग सांख्यांच्या पायावर उभा आहे. पुरुष वेगळा, प्रकृती वेगळी. बघणारा एक आणि दिसणारं दुसरं, दोघांना सोडवलं की काम झालं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात या द्वैताचा चक्क प्रतिवाद केलाय. तेव्हा ‘मी साक्षी, दुखणं वेगळं’ एवढ्यावर जो थांबला, तो अजून सांख्यातच आहे. मी तिथेच थांबले होते. आणि तिथे थांबण्याचा एक धोका असतो. माणूस हळूहळू कोरडा होतो. स्वतःचं दुखणं लांब ठेवता ठेवता दुसऱ्याचंही लांब ठेवायला लागतो. अद्वैत त्याच्या पुढे जातं. ज्याला साक्षी म्हटलं त्याच्याहून वेगळं काही नाहीच, ते दुखणंही नाही, शेजारीण पण नाही.

हे मला पुस्तकापेक्षा वहिनींनी समजावलं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं सहा महिने नीट वळत नव्हती. मी रोज दुपारी जायचे. बाईंनी दिलेले व्यायाम करून घ्यायचे, मग थोडा भ्रामरी, थोडं पडून राहणं. एकदा ब्लाउजचं बटण लागेना म्हणून त्या रडायला लागल्या. मी माझ्या सवयीने म्हटलं, “वहिनी, हात म्हणजे तुम्ही नाही. नुसतं बघा त्याच्याकडे.” त्या म्हणाल्या, “अहो ताई, हात मी नाही हे कळलं. पण भाजी मलाच चिरायची असते ना? या हाताशी भांडून तो चालायचा नाही. तो माझाच आहे असं म्हटलं तर कदाचित चालेल.” आणि त्या डाव्या हाताने उजव्या हाताला तेल लावत बसल्या. बाळाला लावतात ना, तसं.

तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची गोष्ट याच वळणाची आहे. भृगू बापाला विचारतो, ब्रह्म काय? बाप सांगत नाही, तप करून ये म्हणतो. तो पहिल्यांदा येतो तेव्हा म्हणतो, अन्न. मग प्राण. मग मन. मग विज्ञान. शेवटी आनंद. यावरून आपले पाच कोश. बंगळूरजवळ प्रशांती कुटीरममध्ये डॉ. नागेंद्र आणि डॉ. नागरत्ना यांनी योगोपचाराची जी पद्धत बसवली, ती याच पाच कोशांवर आहे. शरीराला आसनं आणि आहार, प्राणाला श्वास, मनाला ध्यान आणि भक्ती, बुद्धीला समज. माझ्या कमरेचं उदाहरण घ्या. गादी सरकली ते अन्नमय कोशात. श्वास आखूड झाला तो प्राणमयात. धस्स झालं ते मनोमयात. आणि ‘आता माझं संपलं’ असा जो निकाल मी दिला, तो विज्ञानमयात. गोळी पहिल्यावर चालते. निकालावर चालत नाही. तिथे विवेक लागतो, आणि तिथेच वेदान्ताचं खरं काम आहे.

पण ही गोष्ट आनंदावर संपत नाही, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद परत अन्नावर येतं. अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावं, आणि दारात आलेल्या कोणालाही राहायला नाही म्हणू नये. वर जाऊन पुन्हा तळमजल्यावर. शेवटचा नियम आपल्या कमिटीने पार्किंगच्या बाबतीत लावून घ्यावा अशी माझी जुनी विनंती आहे, असो.

कोणी म्हणेल, ज्ञानी लोकांना कुठे औषध लागतं? लागतं. निसर्गदत्त महाराजांचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म १८९७ चा, बालपण कोकणात कांदळगावला, इथे मुंबईत विडीची दुकानं. १९३३ मध्ये त्यांना गुरू भेटले, सिद्धरामेश्वर महाराज. तीनच वर्षांनी गुरू गेले. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत घराच्या पोटमाळ्यावर बसून ते मराठीत बोलायचे आणि परदेशातून आलेल्यांना कोणीतरी भाषांतर करून सांगायचं. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी त्या संवादांचं ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक १९७३ मध्ये आणलं, आणि हा पोटमाळा जगाला माहीत झाला. शेवटी त्यांना घशाचा कॅन्सर झाला. स्वतः विडी ओढत, तेही लपवायचं कारण नाही. वेदना होत नाहीत असं सोंग त्यांनी केलं नाही. होतात म्हणायचे, आणि जमेल तोवर बोलत राहिले. ८ सप्टेंबर १९८१ ला गेले. तिकडे तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या हातावर १९४८ च्या अखेरीस गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी चार वेळा शस्त्रक्रिया केल्या, त्यांनी करू दिल्या. ज्ञानाने गाठ गेली नाही. गाठीने ज्ञानही गेलं नाही. मला या दोघांचा आधार वाटतो तो यासाठी, की ‘मी देह नाही’ हे ज्यांनी खरोखर जगून पाहिलं, त्यांनी देहाला वाळीत टाकलं नव्हतं.

आता तुमच्या गुडघ्याकडे येते, सेकंड रो! सगळ्यांनीच करून बघूया, दोन मिनिटं. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा. मोबाइल खिशात. डोळे मिटा. शरीरात कुठे काही दुखत असेल, ताठलं असेल, तिथे लक्ष न्या. नाव देऊ नका, ‘संधिवात’ म्हणू नका. तो शब्द डॉक्टरांसाठी ठेवा. फक्त बघा केवढ्या जागेत आहे. लिंबाएवढं की नाण्याएवढं? हलतंय की एकाच जागी? श्वास त्याच्यावर पाठवायचा नाही, श्वास आपला चालू दे. आता तिथून थोडं बाजूला, त्याबद्दल मनात काही चाललंय का ते बघा. चिडचिड, काळजी. तीही कळतेय. मग हळूच विचारा, हे ज्याला कळतंय ते दुखतंय का? उत्तर द्यायचं नाही. नुसतं थांबायचं... आणि आता शेवटचं, जे मी पूर्वी शिकवत नव्हते. तो तळहात उचला आणि दुखऱ्या जागेवर ठेवा. असू दे तिथे. डोळे उघडले तरी चालेल.

काहींना हलकं वाटलं असेल, काहींना काहीच नाही. दोन्ही ठीक. आजोबा म्हणतायत की त्यांना झोप आली. आजोबा, तुमची तक्रार झोप लागत नाही हीच होती ना?

एक गोष्ट मात्र नीट ऐका. छातीत नवीन दुखायला लागलं, हातापायात एकदम ताकद कमी झाली, बोलणं अडखळलं, तर त्या वेळी साक्षीभाव नाही, हॉस्पिटल. आणि ज्या माणसाला जगणंच नकोसं झालंय, दिवसचे दिवस खोलीतून बाहेर येत नाही, त्याला तर हे ‘तू देह नाहीस’ अजिबात ऐकवू नये. तो आधीच सगळ्यापासून तुटलेला असतो. त्याला आणखी कशाला वेगळं करायचं? त्याच्याजवळ बसावं, चहा द्यावा आणि मनाच्या डॉक्टरांकडे बरोबर जावं. मी स्वतः दोघांच्या बरोबर गेले आहे, आपल्याच बिल्डिंगमधून. नावं अर्थातच नाहीत.

कमिटीने सांगितलं होतं की रौप्यमहोत्सव आहे, सोसायटीबद्दलही दोन शब्द बोला. गौडपादाचार्यांनी मांडूक्य कारिकेत घटातल्या आकाशाचा दृष्टांत दिलाय. मडक्यातली पोकळी मडक्याची नसते, मडकं फुटलं तर ती कुठे जात नाही. आपण पंचवीस वर्षं कारपेट एरिया मोजला. कोणाचा पाच फूट जास्त, कोणाची गॅलरी आत घेतलेली, त्यावरून एजीएममध्ये किती वेळ गेला ते मिनिट्स बुकात आहे. आता रीडेव्हलपमेंटची कुजबुज आहे. भिंती पाडतील तेव्हा माझ्या किचनची पोकळी आणि शेजारच्या देवघराची पोकळी यांना कोणी वेगळं करायला असणार नाही. पण तोपर्यंत भिंती आहेत, आणि भिंतीला ओल आली तर प्लंबर बोलवायचा आहे. मेंटेनन्स प्रत्येकाने भरायचा आहे. माझी दोन महिन्यांची थकबाकी आहे, सेक्रेटरीसाहेब, मला आठवतंय.

वर्ग पुन्हा सुरू केला तो वहिनींच्या सांगण्यावरून. त्या पहिल्या दिवशी जिना चढून आल्या, कठड्याला धरून, प्रत्येक वळणावर थांबत. उजव्या हातात पिशवी होती. ती त्यांनी मुद्दाम त्याच हातात धरली होती. पिशवीत बीपीचं मशीन.

तेव्हापासून वर्ग पावणेसहाला असतो, त्याआधीची दहा मिनिटं मशीनची. वहिनी पट्टा बांधतात, आकडा वहीत लिहितात. उजव्या हाताने लिहितात, अक्षर वाकडंतिकडं येतं पण वाचता येतं. नवीन येणाऱ्याने चालू औषधं लिहून द्यायची. ज्यांचं बीपी जास्त त्यांना त्या दिवशी सर्वांगासन नाही, कपालभाती नाही, नुसतं बसायचं आणि श्वास बघायचा. मध्ये एकदा एक काका म्हणाले, “आता बरं वाटतंय, गोळी अर्धी केली तर चालेल का?” मी काही बोलायच्या आत वहिनींनी त्यांचा हात धरला आणि स्वतःचा उजवा हात त्यांच्यासमोर उघडून दाखवला. बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. काका डॉक्टरांना विचारायला गेले.

उद्या रविवार, वर्ग आहे. टेरेस कोरडी आहे, सतरंजी आपापली आणा.